दोन बोटी आणि एक ब्रश

डेस्मंड थरलोचं ठाम मत होतं, की जगात शिडाच्या बोटी दोनच प्रकारच्या असतात. एक, ज्यांच्यात माणसाला ताठ उभं राहता येतं त्या. आणि दुसरी पिपिट.

हे मत कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. टिलशॅमच्या सेलिंग क्लबात गेल्या हिवाळ्यात एक शनिवार असा गेला नाही, की डेस्मंडने बिअरचा ग्लास हातात धरून आपल्या दोन बोटींची तुलना मांडली नाही. पिपिट ही जुनी. सव्वीस फुटी, डेस्मंड अर्ध्या चड्डीत होता त्या काळात बांधलेली. सेरेनाटा ही नवी. अडतीस फुटी, कारखान्यातून नुकतीच निघालेली, प्लॅस्टिकचा वास अजून न गेलेली. पिपिटमध्ये म्हणे माणूस कमरेत वाकूनच जन्म काढतो, सेरेनाटात नाचता येतं. पिपिटमध्ये चहाचं आधण ठेवलं की पाय वर घ्यायचे, कारण शेगडीची आणि पायांची जागा एकच. सेरेनाटात फ्रिज, गरम पाण्याचा नळ, बटणावर चालणारा संडास, आणि ढकलले की आपले आपण हळूच मिटणारे ड्रॉवर! ऐकणारे माना डोलवायचे. त्या गावात माणूस कितीही कंटाळला तरी तोंडावर सांगत नाही, फार तर हवामानाचा विषय काढतो. डेस्मंडला वाटायचं, लोकांना पटतंय.

खरं म्हणजे पिपिटने त्याचं काय घोडं मारलं होतं? तीस वर्षं बिचारीने दोघा नवराबायकोंना आणि दोन पोरांना एसेक्स किनाऱ्यावरच्या यच्चयावत खाड्या फिरवून आणल्या. पण डेस्मंड निवृत्त झाला आणि मोठ्या बोटीने त्याच्या डोक्यात घर केलं. जन्मभर तो विमा कंपनीत होता, अपघाताच्या दाव्यांच्या खात्यात. 'अपघात झाला तेव्हा चालवत कोण होतं?' या एका प्रश्नाने त्याने कितीतरी लोकांना घाम फोडला होता. असा माणूस दुसऱ्यांच्या चुका इतकी वर्षं मोजतो, की आपल्या हातूनही एखादी होऊ शकते हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. पिपिट त्याने मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, बर्नर्डला विकून टाकली. बर्नर्ड शाळेत सुतारकाम शिकवायचा. लहान बाकांवर बसून बसून त्याला अडचणीच्या जागेची सवय होती.

बायको हिलरी. बोट विकली तेव्हा ती हूं की चूं बोलली नाही, आणि हीच तर खरी गोची होती! डेस्मंडचा बेत असा, की जूनमध्ये सेरेनाटा घेऊन दोघांनी निघायचं, समुद्र ओलांडून हॉलंड गाठायचं आणि सबंध उन्हाळा एकेक बंदर बघत उत्तरेकडे सरकायचं. 'आमचा बेत' म्हणून त्याने तो गावभर सांगितला होता. होकार द्यायचा राहिला होता तो फक्त हिलरीचा. ती नुसतं "बघू" म्हणाली होती. आणि चौतीस वर्षांच्या संसारात डेस्मंडला एवढं तरी कळलं होतं, की हिलरीचं 'बघू' म्हणजे 'नाही'च्या अलीकडचं स्टेशन.

एकट्याने जायची त्याची छाती नव्हती. कुणापाशी कबूल केलं नसतं त्याने, पण ज्या माणसाला स्वतःचा चष्मा घरात बायकोशिवाय सापडत नाही, तो समुद्रात हॉलंड कुठून शोधणार? हिलरी नाही म्हणाली की उन्हाळा गेला, बेत गेला, आणि अडतीस फुटांची बोट क्लबाच्या धक्क्याला बांधून तिच्याकडे बघत बसणं आलं.

शेवटी हिलरीनेच दिवस ठरवला. मे महिन्यातल्या एका शनिवारी क्लबाचा हंगाम सुरू व्हायचा. त्या दिवशी सगळ्या बोटी खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालून येतात आणि मग हिरवळीवर चहा होतो. "त्या दिवशी येते तुझ्या बोटीवर," हिलरी म्हणाली. "संध्याकाळी सांगते काय ते."

'तुझ्या बोटीवर' हे शब्द डेस्मंडला कुसळासारखे टोचले. त्याने ठरवलं, त्या दिवशी असं काही दाखवायचं, की पिपिटचं नाव पुन्हा तिच्या मनात येता कामा नये. तो तडक क्लबाच्या कमोडोरकडे गेला. कमोडोर म्हणजे क्लबाचा अध्यक्ष, रोनाल्ड बिग्मोर. जन्म बँकेत गेला, पण सोनेरी बटणांचा निळा कोट घातला की तो स्वतःला आरमारातलाच समजायचा. चहाच्या वेळी आपण 'दोन काळांतल्या दोन बोटी' यावर चार शब्द बोलू, असं डेस्मंडने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग त्याने बर्नर्डला गाठून शर्यतीचं आव्हान दिलं. बर्नर्ड म्हणाला, शर्यत-बिर्यत काही नको रे बाबा, मी सँडविच घेऊन निघणार आहे, वाऱ्याच्या मनात असेल तेव्हा पोचेन. पण डेस्मंडने ते आव्हान स्वीकारल्यातच धरलं.

शनिवार उजाडला तो अगदी त्याच्या बाजूने. ऊन काय, वारा काय, खाडी काठोकाठ भरलेली! सेरेनाटा अशी सुटली, की लाल पिंपापाशी पोचली तेव्हा पिपिटचं विटकरी शीड मागे पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. डेस्मंड खुलला. हिलरीला त्याने गरम पाणी दाखवलं, फ्रिज दाखवला, ड्रॉवर तर दोनदा मिटून दाखवला. हिलरी "छान आहे" म्हणाली. मग त्याने पिंपाला एका वळशाऐवजी तीन वळसे घातले, का, तर मागून येणाऱ्यांना बोट सगळ्या बाजूंनी दिसावी.

या तीन वळशांत बाकीच्या बोटी एकेक वळसा घालून परतल्या, भरती संपली आणि ओहोटी लागली. वाराही पडला, उरला तो समोरून. पिपिट आली, पिंपाला एक साधा वळसा घालून, बर्नर्डच्या हातातलं सँडविच तसंच, मागे फिरली.

आता परतीच्या वाटेची गंमत अशी. खाडीला एक मोठं वळण आहे आणि वळणाच्या आतल्या अंगाला चिखलाचा रुंद पट्टा. भरतीला तो पाण्याखाली असतो, ओहोटीला उघडा पडतो. खोल पाण्याचा रस्ता लांबून, वळणावळणाने जातो. पण पिपिटला त्याची गरज नाही. तिच्या बुडाखाली एक खोल कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारं उभं पातं, नाही, बाकड्याच्या पायांसारख्या दोन आखूड आहेत. मांडीभर पाणी असलं की ती चिखलावरून सरळ निघते, आणि पाणी गेलंच तर त्या दोन पायांवर टुकटुकीत उभी राहते. सेरेनाटाला खाली एकच कील, पण चांगली पुरुषभर खोल. डेस्मंडने सबंध हिवाळा दोन बोटींच्या गाद्या मोजल्या, कपाटं मोजली, छताची उंची मोजली. जी गोष्ट पाण्याखाली आहे ती मात्र लोकांना दाखवता येत नाही, म्हणून त्याने तिच्याकडे कधी फारसं पाहिलं नाही.

बर्नर्ड पट्ट्यावरून सरळ निघाला आणि बघता बघता पुढे गेला. समोर क्लबाची हिरवळ दिसायला लागली, पांढरे टेबलक्लॉथ दिसायला लागले. आणि पिपिट पुढे! तीस वर्षं ज्या हातांनी नेमक्या त्या जागी सुकाणू डावीकडे वळवलं होतं, ते डेस्मंडचे हात डोक्याला न विचारता वळले.

हिलरी पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रासमोर बसली होती. तिने तीन मीटर म्हटलं. मग अडीच म्हटलं. मग यंत्रच किंचाळायला लागलं.

"डेस्मंड, पाणी संपत आलंय."

"ते यंत्र कशालाही ओरडतं गं. बंद कर आधी."

हिलरीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बंद केलं.

चिखल मोठा सभ्य असतो बघा. खडकासारखा तो दणका देत नाही. सेरेनाटा थोडी मंदावली, आणखी मंदावली, आणि जेवण झाल्यावर म्हातारा आरामखुर्चीत टेकतो तशी टेकली. डेस्मंडने इंजिन मागे टाकलं, पुढे टाकलं, बोटीचं नाक बाजूला ढकलणारी मोटर लावली. पाण्यात नुसता काला झाला. आणि हे सगळं कुठे? क्लबाच्या हिरवळीच्या अगदी समोर, लोकांच्या बशीतली बिस्किटं दिसावीत एवढ्या अंतरावर.

बर्नर्डने मागे पाहिलं आणि पिपिट वळवून परत आणली. अजून दहा मिनिटं हातात होती. एक दोरी टाकून दोघांनी जोर लावला असता तर सेरेनाटा सुटली असती, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"दोरी फेकू का रे डेस?" बर्नर्डने विचारलं.

डेस्मंडने हिरवळीकडे पाहिलं. झाडून सगळा क्लब कप हातात धरून उभा होता. ज्या पिपिटची सबंध हिवाळा खिल्ली उडवली, तिच्या दोरीला बांधून सेरेनाटाची वरात काढायची? त्यापेक्षा चिखल बरा!

"नको," तो म्हणाला. "मी मुद्दाम थांबलोय. बूड घासून घ्यायचंय."

आता हे तुम्हाला कळायचं नाही, पण त्या किनाऱ्यावर ही जुनी रीत आहे. ओहोटीत बोट चिखलात रुतली की मालकाने बादली आणि ब्रश घेऊन खाली उतरायचं आणि बूड घासायला लागायचं, जणू शेवाळ काढायलाच आपण थांबलो होतो. बघणाऱ्यांनी ते खरं मानल्यासारखं करायचं. पडलो तरी नाक वर! उद्या त्यांच्यावरही तीच पाळी येणार असते, म्हणून कुणी हसत नाही. रीत चांगलीच आहे, पण तिला एक अट आहे. बुडाला शेवाळ असावं लागतं. सेरेनाटाला ताजा निळा रंग देऊन पाण्यात सोडली होती ती मागच्याच आठवड्यात, आणि तेव्हा टाळ्या वाजवायला डेस्मंडने सबंध क्लब बोलावला होता.

बर्नर्डने हातातली दोरी पुन्हा गुंडाळली. मग "बरं," म्हणाला. भला माणूस. त्याने जवळच नांगर टाकला, तुम्ही दोघंच कशाला बसता, मीही टेकतो म्हणाला. पाणी गेलं तशी पिपिट आपल्या दोन पायांवर ताठ उभी राहिली आणि आतून किटलीची शिट्टी ऐकू आली.

इकडे सेरेनाटा कलायला लागली. आधी थोडी, मग बरीच, मग लाजच सोडली तिने. आत ते सुप्रसिद्ध ड्रॉवर एकामागून एक, मोठ्या अदबीने, आपले आपण उघडले आणि काटे-चमचे खाली ओतून मोकळे झाले. फ्रिजने दार उघडून दूध सांडलं. बटणावरच्या संडासाने काय केलं ते सांगत नाही. हिलरीने चहासाठी लेमन केक करून आणला होता, तो तिने कसाबसा झेलला आणि वर राहिलेल्या काठावर, केक मांडीवर घेऊन, पाय लोंबकळत बसली.

डेस्मंड पिवळे गमबूट चढवून घासायला निघाला, तेव्हा कळलं की बोटीवर ब्रशच नाही. नव्या बोटीवर घासायचा ब्रश कशाला असेल? शोधशोध शोधला, शेवटी मिळाला तो संडासातला. कोरा करकरीत होता, एवढंच काय ते समाधान. गुडघाभर चिखलात उभा राहून डेस्मंड थरलो, विमा कंपनीचा निवृत्त अधिकारी, संडासाच्या ब्रशाने अडतीस फुटांची बोट घासायला लागला.

हिरवळीवरून कमोडोरने भोंगा तोंडाला लावून काही अडचण आहे का म्हणून विचारलं. डेस्मंडने ब्रश उंचावून ओरडून सांगितलं, अडचण कसली, घासतोय. "उत्तम!" भोंगा म्हणाला, आणि तिथेच घात झाला. क्लबातला एक सभासद एकटा घासतोय आणि बाकीचे केक खातायत हे कमोडोरला शोभेना. त्याने स्वयंसेवक मागितले. बघता बघता सहा-सात माणसं लांब दांड्यांचे ब्रश खांद्यावर टाकून चिखल तुडवत निघाली. पुढे स्वतः कमोडोर, सोनेरी बटणं आणि खाली गमबूट.

डेस्मंडने परोपरीने सांगितलं, कशाला उगाच, होतच आलंय. पण मदत करू नका म्हटलं की ते लोक दुप्पट करतात. सहा ब्रश एकदम बुडाला लागले. शेवाळ एका नखाएवढंही नव्हतं, त्यामुळे निघाला तो रंग. निळे ओघळ चिखलात, निळे डाग हातांवर, निळे शिंतोडे डेस्मंडच्या कानापर्यंत. चूक केली की माणसाचं तोंड काळं होतं म्हणतात, याचं निळं झालं. एक वयस्कर बाई अगदी प्रामाणिकपणे विचारत होत्या, शेवाळ नेमकं कुठे आहे, मला चष्म्याशिवाय दिसत नाहीये. डेस्मंड म्हणाला, फार बारीक आहे ते.

तेवढ्यात कमोडोर बोटीच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथेच थबकला. पाणी पार ओसरलं होतं. सेरेनाटाची कील जिथून घुसली तिथपासून बोटीपर्यंत चिखलात एक लांबलचक, खोल चर पडला होता, ट्रॅक्टर फिरवावा तसा. घासायला थांबलेली बोट अशी नांगरट करत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

घासणारे ब्रश थांबले. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

हिरवळीवरून बघताना सुकाणूवरचा माणूस शिडाआड होता. कमोडोरने घसा खाकरला आणि अगदी सहज, काळजीने विचारलं, "थरलो, सुकाणूवर होतं कोण?"

जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न! डेस्मंडने वर पाहिलं. वर काठावर हिलरी, मांडीवर केक. खाली सहा निळे ब्रश त्याच्या उत्तराची वाट बघत होते. आणि त्याच्या तोंडून गेलं,

"हिलरीला अजून मोठ्या बोटीची सवय नाही."

नीट ऐकलंत तर यात एक शब्द खोटा नाही. विम्यातला माणूस तो! पण सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. असं आहे होय! कमोडोर वर बघून हसला, म्हणाला, काही मनाला लावून घेऊ नका बाईसाहेब, माझ्या बायकोने तर एकदा आमची बोट दीपस्तंभालाच टेकवली होती. एकाने सांगितलं, बायकांना खोलीचा अंदाज जरा उशिरा येतो, पण येतो. सगळे तिच्याशी इतके गोड बोलले, की ऐकवत नव्हतं.

हिलरीने डेस्मंडकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण बसस्टॉपवर अनोळखी माणसाकडे बघावं तशी ती बघत होती. मग तिने मान वळवून हाक मारली, "बर्नर्ड, चहा आहे का रे?" आहे म्हटल्यावर ती केक सांभाळत खाली उतरली, बूट हातात घेतले आणि अनवाणी, चिखलातून, पिपिटवर निघून गेली.

मदतीला आलेले लोक परत गेले. डेस्मंड एकटा राहिला, तिरक्या बोटीवर, तिरका. पाणी यायला अजून अर्धी दुपार होती. पळून जायचं म्हटलं तर चिखल, लपायचं म्हटलं तर आत दूध सांडलेलं. समोर पिपिट सरळ उभी, तिच्या टपावर भाऊबहीण पाय पसरून केक खात होते. मधे मधे बर्नर्ड काहीतरी बोलायचा, हिलरी मान हलवायची. आपल्याबद्दल बोलतायत असं डेस्मंडला वाटलं. मग वाटलं, नसतील बोलत, आणि ते जास्त लागलं.

लाज वाटली त्याला. बोट रुतल्याची नव्हे, ती तर केव्हाच मागे पडली. नोकरीत असताना 'गाडी बायको चालवत होती हो' असं सांगणारे नवरे त्याच्यासमोर येऊन बसायचे. त्यांच्याकडे बघून हा हसायचा, घरी येऊन हिलरीला सांगायचा, आज आणखी एक शूरवीर आला होता म्हणून. आणि हिलरी दर वेळी विचारायची, पण त्या बिचारीचं पुढे काय झालं रे? त्याने ते कधी चौकशी करून घेतलं नव्हतं. आता ती बिचारी समोरच्या बोटीवर बसलेली दिसत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. इथे धरणीने मघाशी गुडघ्यापर्यंत घेतलं होतं आणि पुढे घ्यायला तयार नव्हती.

त्याने ठरवलं. आज सगळ्यांसमोर खरं सांगायचं. हॉलंड राहू दे, समुद्र राहू दे. निदान एवढं तरी करायचं.

संध्याकाळी पाणी आलं, सेरेनाटा कुरकुरत उठली, धक्क्याला लागली. तिच्या बुडाचा रंग आता अर्धा निळा, अर्धा पांढरा होता. हिरवळीवर चहा संपून वाइन सुरू झाली होती. हिलरी आणि बर्नर्ड मागच्या बाकावर बसले होते. कमोडोरने पेल्यावर चमचा वाजवला आणि जाहीर केलं, की आता श्रीयुत थरलो दोन काळांतल्या दोन बोटींविषयी चार शब्द सांगतील.

डेस्मंड उभा राहिला. कान अजून निळेच. तुलनेचं सगळं भाषण त्याने बाजूला ठेवलं. "मला एकच सांगायचंय," तो म्हणाला. "आज सुकाणूवर हिलरी नव्हती. मी होतो. ती पाणी संपतंय म्हणून सांगत होती आणि मी तिला गप्प केलं. चूक माझी आहे, संपूर्ण माझी."

मग मागून कुणीतरी हलकेच टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच! डेस्मंडला कळेना. कमोडोर उठला, त्याचे डोळे पाणावले होते. "मंडळी," तो म्हणाला, "पत्नीची चूक भरसभेत आपल्या अंगावर घेणारा गृहस्थ आजच्या काळात पाहायला मिळतो, हे आपल्या क्लबाचं भाग्य आहे."

"अहो नाही," डेस्मंड म्हणाला, "खरंच मी होतो."

टाळ्या आणखी वाढल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं, बघ म्हणाल्या, शिक जरा. डेस्मंडने चिखलातला चर सांगितला, वळणाची जागा सांगितली, पिपिटची तीस वर्षांची सवय हातात कशी राहिली ते सांगितलं. जितकं खरं सांगावं तितका तो थोर ठरत गेला, आणि जितका थोर ठरला तितकी हिलरी बिचारी अपराधी ठरत गेली. लोक मागे वळून तिच्याकडे बघायचे, बघण्यात भाव असा, की नशीब काढलंस गं बाई. डेस्मंडला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

शेवटचा उपाय म्हणून त्याने मागच्या बाकाकडे हात केला. "बर्नर्डने पाहिलंय. बर्नर्ड, तू सांग, सुकाणूवर कोण होतं?"

बर्नर्डने बहिणीकडे पाहिलं. हिलरीने, दिसेल न दिसेल अशी, मान हलवली. नाही म्हणून.

"मी पाठमोरा होतो," बर्नर्ड म्हणाला आणि वाइनमध्ये तोंड घातलं.

झालं, कमोडोरने पेला उंचावला, क्लब उभा राहिला, आणि डेस्मंड थरलोच्या सभ्यपणाच्या नावाने सगळे प्यायले.

हिलरी त्याला धक्क्यावर भेटली. सेरेनाटाकडे बघत ती उभी होती. डेस्मंडने सगळं बोलायचं ठरवून तोंड उघडलं आणि त्यातून एवढंच निघालं, "मी सांगितलं गं त्यांना. कुणी ऐकलंच नाही."

"ऐकलं मी."

"मग बर्नर्डला का थांबवलंस?"

हिलरी म्हणाली, "दुपारी फार लागलं मला, डेस्मंड. बोट रुतली त्याचं काही नाही, बोटी रुततातच. पण तू वर पाहिलंस, मी दिसले, आणि तुला सोपं वाटलं."

खरं तेच होतं, अगदी तसंच झालं होतं.

"हॉलंडला येते मी," हिलरी म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"येते. पण सुकाणू माझ्याकडे. जाताना, येताना, आणि धक्क्याला लावतानासुद्धा. सगळ्या क्लबाला ठाऊकच आहे मी चालवते म्हणून. न चालवता बोलणी खाल्ली, आता निदान चालवून खाईन."

डेस्मंड हो म्हणाला. तिने विचारलं नव्हतं तरी दुसऱ्यांदा हो म्हणाला. मग भीत भीत विचारलं, मी काय करू मग? हिलरी म्हणाली, जे सांगीन ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाव आणायला निघाले, तर रस्त्यात जो भेटेल तो आधी हिलरीला थांबवून प्रेमाने सांगायचा, की मोठी बोट हळू वळवावी, घाई करू नये. आणि मग डेस्मंडपुढे टोपी उचलायचा. डेस्मंडला कुणाच्या डोळ्यांत बघवेना. तो मान खाली घालून, पिशवी छातीशी धरून बायकोच्या मागून चालत राहिला. गावाला तो त्याचा विनय वाटला.